चौकडी मोडली त्या संक्रांतीला

आमच्या घरातला हिवाळ्याचा स्वयंपाक हॉकीवर ठरायचा. सामन्याच्या दिवशी गोळाभात, कारण बाळूदादाच्या मते पाटवड्यांनी पाय जड होतात. गोळाभातानं काहून होत नाहीत, हे आई दर वर्षी विचारायची आणि तिला उत्तर मिळायचं नाही. संघ हरला तर संध्याकाळी नुसतं वरण, कारण बाळूदादा ताटावर बसायचा पण जेवायचा नाही, आणि त्याच्याकडे बघून आप्पाही दोन घास कमी घ्यायचे. आप्पा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत आणि कॉलेजच्या क्रीडा समितीचे चिटणीस होते. त्यांनी स्वतः आयुष्यात हॉकीची काठी हातात धरली नव्हती, पण चेंडू कुठल्या कोनातून गेला हे ते दुसऱ्या दिवशी जेवताना मीठ-लिंबाच्या साहाय्यानं समजावून सांगत. जबलपूरच्या राइट टाउनातल्या त्या घराला मागं बऱ्यापैकी मोठं अंगण होतं. एका बाजूला पेरूचं झाड, दुसऱ्या बाजूला विहीर. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की आईची चूल पेटायची आणि त्याच भोंग्यावर बाळूदादा काठी खांद्यावर टाकून पळत सुटायचा. युद्ध सुरू झालं होतं, पण आमच्या घरापर्यंत ते रॉकेलच्या आणि रबराच्या टंचाईपुरतंच आलेलं होतं.

त्या काळी आमच्या कॉलेजची एक चौकडी होती. नाव लोकांनीच पाडलेलं. शहरातली दोन कॉलेजं, एक आमचं आणि एक तळ्यापलीकडचं, आणि बाहेरची दोन लहान इंटर कॉलेजं, एक कटनीच्या बाजूचं आणि एक नर्मदेपलीकडचं. हिवाळ्यात ही चार कॉलेजं एकमेकांशी हॉकी खेळत. त्याला जोडून, संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी, आमच्या कॉलेजच्या आवारात मुलींचे रिंगचे सामने होत. मधे जाळी, दोन्हीकडे एकेक मुलगी, आणि रबरी कडं इकडून तिकडं फेकायचं, खाली पडू द्यायचं नाही. पाचवारीचा पदर खोचून आम्ही खेळत असू आणि मैदानाच्या कडेला प्रोफेसरांच्या बायका बसत. हॉकीचं सगळं समितीकडून चाले, पत्रं जात, बैठका होत. मुलींचं मात्र घरांकडून चाले. बाहेरगावच्या मुलीला वसतिगृहात ठेवायला कोणाचा बाप तयार नव्हता, म्हणून एकेका प्रोफेसराच्या घरी एकेक मुलगी उतरायची. कोण कोणाकडे, जेवायला काय, स्टेशनवर कोण जाणार, हे सगळं बायका हळदीकुंकवाला बसल्या बसल्या ठरवायच्या आणि निरोप तोंडी जायचे. समितीच्या कुठल्याही कागदावर मुलींचे सामने नव्हते. त्याची कोणाला अडचणही नव्हती. उलट, आई म्हणायची, कागदावर नाहीत म्हणून तर वेळेवर होतात.

आमच्याकडे उतरायची सुशीला. नर्मदेपलीकडच्या कॉलेजातली, माझ्याच इयत्तेतली, तिवारी मास्टरजींची मुलगी. उंच, काळीसावळी, हसली की खांदे हलायचे. पहिल्या वर्षी आली तेव्हा तिच्याजवळ विकतची रिंग नव्हती. मास्टरजींनी सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये चिंध्या ठासून, टोकं जोडून कडं करून दिलं होतं. ते विकतच्या रिंगपेक्षा जड होतं आणि त्याच्यावर सराव केल्यामुळं तिची फेक माझ्यापेक्षा जोरात जायची. गोळाभात तिनं पहिल्यांदा खाल्ला तो आमच्याकडे. "चाची, यह पकौड़ी भात में गिर गई है क्या?" असं तिनं विचारलं आणि मग तीनदा घेतला. सामन्याला निघताना आईनं आमच्या तळहातावर दही घातलं, आधी तिच्या आणि मग माझ्या. पाहुणीला आधी, हा आमच्या बायकांचा नियम होता. त्या वर्षी मी तिला हरवलं, अगदी थोडक्यात.

परत जाताना मास्टरजी तिला न्यायला आले होते. व्हरांड्यात आप्पांशी त्यांचं बोलणं झालं ते मी दाराआडून ऐकलं. सुशीलाच्या गावी इंटरच्या पुढं शिक्षण नव्हतं. आप्पा म्हणाले, "मास्टरजी, चौकडी जीतनेवाली लड़की को हमारा कॉलेज बी.ए. में फीस माफ करके ले लेता है. अगले साल जीत जाए, तो आप फिक्र मत कीजिए. रहेगी हमारे यहाँ." मास्टरजींनी हे दोनदा म्हणून घेतलं, आपल्याशीच. आईनं तिच्या पदरात तिळगूळ बांधला आणि बजावलं, "पुढच्या संक्रांतीच्या रविवारी यायचं बरं का, सकाळच्या गाडीनं." झालं, हेच आमंत्रण. यापेक्षा पक्कं आमंत्रण आमच्यात नव्हतं.

मला स्वतःला जिंकून काही मिळायचं नव्हतं, हे इथं सांगून टाकते. मी प्रोफेसराची मुलगी, माझं बी.ए. ठरलेलंच होतं. सुशीलाचं सगळं त्या एका रविवारवर होतं, आणि तिला हरवू शकेल अशी मुलगी मीच होते. जाताना तिनं मला बजावलं होतं, "जानबूझकर हारी तो बात नहीं करूँगी." मी म्हटलं, "बघू."

चौकडी मोडली ती आमच्या स्वयंपाकघरात, माझ्या डोळ्यांदेखत. दसऱ्याच्या आसपास आप्पांनी प्रिन्सिपॉलसाहेबांना जेवायला बोलावलं होतं आणि त्यांच्याबरोबर शुक्लाजी नावाचे ठेकेदार आले. हे सदरमध्ये, म्हणजे छावणीत, फौजेला भाजीपाला पुरवायचे आणि सामन्यांना तंबू, खुर्च्या, कनाती लावायचे. मी वाढत होते. शुक्लाजी जेवायचे कमी, बोलायचे जास्त.

"प्रोफेसर साहब, आजकल सदर में देखिए कितनी पलटन आकर पड़ी है. शाम को करने को कुछ नहीं उनके पास. नागपुर की टीमें लाइए, मैदान के चारों तरफ कनात मैं लगाता हूँ, टिकट रखिए. पर आपकी चौकड़ी? चार लड़के बैलगाड़ी से उतरकर आते हैं, उनको देखने गोरा सिपाही टिकट लेगा?"

"बैलगाडीनं नाही, आगगाडीनं येतात," आप्पा म्हणाले.

"एक ही बात है जी."

प्रिन्सिपॉलसाहेब शांतपणे म्हणाले, "नागपूरच्या हॉकी मंडळात गेलो तर वर्तमानपत्रात नाव येईल. चांगली मुलं आपल्याकडे प्रवेश घेतील. आणि मी असं ऐकतो, की तळ्यापलीकडचेही नागपूरशी बोलून राहिले आहेत. ते आधी गेले, तर आपण त्या दोन इंटर कॉलेजांशी खेळत बसू."

आप्पांचा हात भातात थांबला. "चौकडी आपणच सुरू केली होती, साहेब."

"जो पीछे रह गया, सो रह गया," शुक्लाजी म्हणाले.

आप्पांनी भात कालवून एक घास घेतला. मग म्हणाले, "कुसुम, साहेबांना गोळे वाढ." एवढंच. मी गोळे वाढले. मागं वळून आईकडे बघितलं तर ती कढईतल्या तेलाकडे बघत होती. आम्हा दोघींना वाटलं, हॉकीचं चाललं आहे.

तळ्यापलीकडचे नागपूरशी बोलत नव्हते, हे मला पुढं कळलं. आम्ही बोलतोय असं त्यांच्या कानावर गेलं, म्हणून ते बोलायला लागले. दोन्ही कॉलेजं एकमेकांच्या भीतीनं एकाच दारात जाऊन उभी राहिली. परवा माझ्या मुलानं सांगितलं, त्याच्या क्लबनं लीग बदलली. मी विचारलं, का रे? तर म्हणे, आई, बाकीचे चालले होते. मी त्याला पोळी वाढली.

हॉकीचे संघ आले नाहीत तो हिवाळा घरात चमत्कारिक गेला. बाळूदादा खूश होता, नागपूर नागपूर करत फिरायचा. मी रोज सकाळी अंगणात पेरूला दोरी बांधून सराव करायची. "काहून गं, धुणं वाळत घालायला जागा ठेवशील का नाही?" असं आई म्हणायची आणि स्वतःच दोरी ताणून द्यायची. संक्रांत जवळ आली तशी तिनं गाद्या उन्हात टाकल्या, तांदूळ निवडले, खोव्याची जलेबी आणायला बाळूदादाला कमानिया गेटपाशी पिटाळलं. ती कमान तेव्हा नवी होती आणि तिच्याखालून जायला बाळूदादाला कसलंही निमित्त पुरायचं. हे सगळं आप्पांच्या डोळ्यांसमोर चाललं होतं. त्यांना वाटलं, हळदीकुंकवाची तयारी आहे. आमच्या घरात संक्रांतीनंतर बायका काय करतात हे विचारायची पुरुषांना सवय नव्हती, आणि सांगायची आम्हालाही नव्हती.

रविवारी आप्पा भोंग्याबरोबरच बाहेर पडले. त्यानंतर थोड्या वेळानं दारात टांगा थांबला. सुशीला उतरली, हातात तीच ट्यूबची रिंग, मागून मास्टरजी. त्यांनी बंद गळ्याचा कोट घातला होता, थंडीचा नव्हे तर लग्नाकार्याचा. टोपलीत उकडलेले शिंगाडे होते. चहा घेताना ते म्हणाले, "हमारे यहाँ लोग कहते थे, हॉकी नहीं हो रही तो यह भी नहीं होगा. मैंने कहा, यह तो बहनजी का न्योता है, इसका हॉकी से क्या लेना-देना?" आई म्हणाली, "अगदी बरोबर बोललात." तिनं आमच्या हातांवर दही घातलं, आधी सुशीलाच्या. आम्ही चौघं त्याच टांग्यानं कॉलेजवर गेलो.

फाटकातून आत शिरल्यावर मला वाटलं, टांगेवाल्यानं चुकीच्या बाजूनं आणलं. रिंगचं मैदान जिथं असायचं तिथं मैदानच नव्हतं. पांढऱ्या चुन्याच्या रेषा नव्हत्या, कडेची गुलबाशीची रोपं नव्हती. संक्रांतीच्या सुट्टीत सगळं खणून हॉकीच्या मैदानाला जोडून टाकलं होतं. भिस्ती पखालीनं पाणी मारत होता आणि चार माणसं दगडी रोलर ओढत होती. आमच्या जाळीचे खांब उपटून भिंतीशी आडवे टाकले होते. आमच्याच कॉलेजच्या दोन मुली, पदर खोचून तयार, त्या खांबांवर बसल्या होत्या. त्यांनाही काही ठाऊक नव्हतं. बाकीच्या कॉलेजांतून कोणी आलंच नव्हतं. माझ्या तळहातावर दह्याचा ओलेपणा अजून होता. मी त्या ओल्या मातीकडे बघत राहिले, आणि मला आठवतं, पहिला विचार हा आला की रोलर फार चांगला फिरवला आहे. माणूस सुन्न झाला की असले विचार येतात.

आप्पा पलीकडच्या टोकाला होते. डोक्यावर सोला टोपी, हातात मोजायची फीत. आम्हाला बघून ते हसत हसत आले.

"अरे! तुम्ही इकडं कशा?"

"कशा म्हणजे?" आई म्हणाली. "आज मुलींचे सामने नाहीत का?"

"कुठले सामने?"

"रिंगचे. दर वर्षी असतात ते."

आप्पा गोंधळले. "अगं, चौकडी तर दसऱ्यालाच मोडली. तुझ्यासमोर ठरलं."

"हॉकीची मोडली."

"चौकडी मोडली म्हणजे सगळंच त्यात आलं ना."

"मुलींचं त्यात आलं, हे कोणी ठरवलं?"

फीत आप्पांच्या हातातून सुटून गुंडाळत गेली. "ठरवलं असं कोणी नाही," ते म्हणाले. "विषयच निघाला नाही."

मी आप्पांना घाबरून होते, त्यांच्यावर चिडूनही असायची, पण ते मला कधी परके वाटले नव्हते. त्या क्षणी वाटले. कोणी वाईट बुद्धीनं केलं असतं तर मी समजू शकले असते. शुक्लाजींनी म्हटलं असतं, मुली कशाला, तर आप्पा त्यांच्याशी भांडले असते, याची मला आजही खात्री आहे. पण नर्मदेपलीकडच्या मुलीला शब्द दिलेला माणूस, त्याच मुलीचं मैदान सकाळपासून उत्साहानं मोजत होता, आणि त्याच्या मनात तिचं नावसुद्धा आलं नव्हतं. आता मास्टरजींकडे बघितल्यावर ते आलं. ते येताना मी बघितलं. आप्पांनी टोपी काढली.

"मास्टरजी," ते म्हणाले, "मैं प्रिन्सिपल साहब से बात करूँगा. फीस वैसे ही माफ करवा दूँगा."

"वैसे ही कैसे?" मास्टरजींनी विचारलं. आवाज अगदी साधा होता.

तेवढ्यात सुशीलानं माझा दंड धरला. "कुसुम, तुम्हारे आँगन में रस्सी तो बँधी है न? चलो, खेल लेते हैं. इतनी दूर आई हूँ."

अंगणात तिनं दोरी स्वतः पुन्हा बांधली, पेरूपासून विहिरीच्या खांबापर्यंत. बाळूदादा पंच म्हणून पायरीवर बसला. नागपूरचा विषय त्या दिवशी त्यानं एकदाही काढला नाही. मास्टरजी कोट न काढता तुळशीपाशी उभे राहिले. मी मुद्दाम रिंग सोडून खेळले नाही. तिनं बजावलं होतं म्हणून नव्हे, तर तिची पहिलीच फेक अशी आली की सोडायला सवडच नव्हती. वर्षभर ती त्या जड कड्यावर तयार झाली होती आणि आज तिच्या हातात माझी हलकी, विकतची रिंग होती. ती डावीकडे बघायची आणि उजवीकडे टाकायची. मी दोनदा पडले, एकदा विहिरीच्या दगडावर ढोपर फुटलं. "उठो, उठो," ती म्हणायची आणि मी उठायची. तिनं मला धुवून काढलं. शेवटची रिंग माझ्या बोटांना लागून मातीत पडली तेव्हा बाळूदादा उभा राहिला आणि ओरडला, "सुशीला! सुशीला जिंकली!" शेजारच्या गच्चीवरून कोणी तरी टाळ्या वाजवल्या.

आप्पा मागच्या दारात येऊन कधी उभे राहिले होते कोण जाणे. टोपी हातात होती. ते पुढं आले आणि म्हणाले, "जीत गई, मास्टरजी. मैं खुद गवाह हूँ. मैं साहब से कहूँगा कि जीत गई."

"कहाँ जीत गई, प्रोफेसर साहब?" मास्टरजी म्हणाले. "आँगन में?"

आई मधे पडली. "भाऊसाहेब, राहू द्या ना तिला आमच्याकडे. कुसुमसोबत जाईल, कुसुमसोबत येईल. फीचं आम्ही बघून घेऊ."

मास्टरजींनी हात जोडले. "बहनजी, आपके घर में कमी थोड़े ही है. कमी हमारे यहाँ जवाब की है. गाँव में इसके ताऊ बैठे हैं, चाचा बैठे हैं. चार कॉलेजों में अव्वल आती तो मैं कह देता, कॉलेज ने बुलाया है, मैं क्या करूँ. अब क्या कहूँ? कि प्रोफेसर साहब को दया आ गई?"

त्या दिवसापर्यंत मला वाटायचं, सुशीलाला फीमाफी हवी आहे. तिला आणि तिच्या बापाला हवं होतं ते चार लोकांच्या तोंडावर सांगता येईल असं एक वाक्य. ते आमच्या चौकडीजवळ होतं. नागपूरच्या मंडळाजवळ नव्हतं, शुक्लाजींच्या कनातीत नव्हतं, आणि आईच्या मायेतही नव्हतं.

जेवण झालं. गोळाभातच होता. सुशीलानं दोनदा घेतला आणि तिसऱ्यांदा नको म्हणाली. दुपारच्या गाडीनं ते गेले. टांग्यात बसल्यावर मी तिला म्हटलं, तुझी ती ट्यूबची रिंग मला दे. मला वाटलं, ती देईल. ती म्हणाली, "नहीं रे. रबर कहाँ मिलता है आजकल. पिताजी की सायकिल के पंक्चर के पैबंद बनेंगे इसके." आणि खांदे हलवत हसली. वैशाखात तिचं लग्न झालं. आईनं साडी पाठवली. आप्पा म्हणाले, मी जाऊन येतो. पण गेले नाहीत.

नागपूरच्या मंडळाचं पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते, त्यात फार रस नाही. आमच्या मैदानाला कनाती लागल्या, सदरहून पलटणीतले शिपाई आले, पहिल्या वर्षी खूप गर्दी झाली. एवढ्या मोठ्या सामन्यांना घरची मुलं पुरेनात, म्हणून कॉलेजनं बाहेरून दोन-तीन तयार खेळाडू आणून त्यांची नावं पटावर घातली. त्यातल्या एकानं बाळूदादाची जागा घेतली. बाळूदादा नवा पोशाख घालून बाकावर बसायचा आणि घरी येऊन पोटभर जेवायचा, हे आईला सगळ्यात जास्त लागलं. "हरला तरी चाललं असतं," ती म्हणायची, "उपाशी राहिला तरी चाललं असतं." मग युद्ध संपलं, पलटणी गेल्या, मैदान ओस पडलं. नागपूरकरांना जबलपूरपर्यंत यायचं काही कारण उरलं नाही.

मी तेव्हा बी.ए. होऊन शाळेत शिकवायला लागले होते. एका संध्याकाळी शाळेतून आले तर आप्पा व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसले होते, चप्पलसुद्धा न काढता. प्रिन्सिपॉलसाहेबांचा शिपाई नुकताच निरोप सांगून गेला होता. नागपूरच्या मंडळानं पुढच्या हंगामापासून आमचं कॉलेज वगळलं होतं. तळ्यापलीकडचंही. आई तिथंच खाली बसून तूर पाखडत होती.

"वगळलं," आप्पा म्हणाले. मला सांगत होते की आईला, कळेना. "इतकी वर्षं आपण त्यांच्यासाठी मैदान वाढवलं, माणसं आणली, चौकडी मोडली. आणि त्यांनी एका ओळीचा निरोप पाठवला. बैठकीत आपला विषयसुद्धा निघाला नाही म्हणे. निदान विचारायचं तरी!"

आईनं सूप एकदा वर उडवलं, फोलपटं उडून गेली.

"निदान कळवलं तरी," ती म्हणाली.